वाढत्या अंगाचा स्कर्ट

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी, छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची लेक शाळेचा स्कर्ट घालून आतल्या खोलीतून बाहेर आली. सुट्टीत पोर वाढली होती. स्कर्ट गुडघ्याच्या चांगला वर गेला होता.

"बघितलंस?" ती म्हणाली. "आता?"

आता काय, हे दोघांनाही ठाऊक होतं. सिस्टरांच्या त्या शाळेत नवं सत्र चॅपेलमधल्या प्रार्थनेनं सुरू होत असे, आणि चॅपेलमध्ये सोडण्याआधी मुलींना व्हरांड्यात ओळीनं गुडघ्यांवर बसवत. जिच्या स्कर्टची कड जमिनीला टेकली ती आत. जिची टेकली नाही, तिनं घरून कोणी येईपर्यंत बाहेर उभं राहायचं. ही तपासणी एका उंच, सडपातळ सिस्टरांकडे होती. मुली त्यांना पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. एक तर त्या दिसत तशा, आणि दुसरं म्हणजे त्यांच्या हातात ती असेच.

बायको होती तोवर हा प्रश्न बाइंडरपर्यंत कधी आलाच नव्हता. "ही बापाच्या वळणावर गेलीय, ताडमाड होणार," असं म्हणत ती स्कर्ट नेहमी वाढत्या अंगाचा घ्यायची आणि जादा लांबी आत मुडपून हातानं शिवून टाकायची. हा स्कर्टही तिनंच गेल्या वर्षी मुडपला होता, खिडकीपाशी बसून, नवऱ्याशी कशावरून तरी वाद घालत. तेव्हा तिला काही होत नव्हतं. मग झालं, आणि सुट्टी लागली त्याच आठवड्यात ती गेली.

बाइंडरची बहीण रविवारची घरी आली होती. तिनं चष्मा लावला, स्कर्टची कड उलटी करून पाहिली.

"अरे, मग त्यात काय एवढं, दादा? केवढी जाड मुडप आहे बघ. बख्खळ कापड आहे आत. उसवते आणि सोडते खाली. चहा होईपर्यंत काम."

"आत्या, कात्री खाली ठेव," लेक म्हणाली.

"अगं, कापत नाहीये मी. नुसते टाके..."

"टाक्यांनाच हात लावायचा नाही."

आत्यानं कात्री ठेवली, पण टेबलावर जरा आपटूनच. कारण तिला कळलं होतं. वहिनी गेल्यावर आठवडा उलटायच्या आत तिनंच कपाट रिकामं केलं होतं. भावाला आणि भाचीला रोज रोज ते दिसू नये म्हणून सगळं बांधून देऊन टाकलं होतं. साड्या, स्वेटर, शिवणाचा डबासुद्धा. मनात पाप नव्हतं, पण घाई होती. आता वहिनीच्या हातचं म्हणावं असं घरात काही उरलं असेल, तर ते या स्कर्टच्या तळाशी होतं.

"नवा आणू या," बाइंडर म्हणाला.

"आज दुकान बंद असतं. आणि आणलास तर तूच घाल."

"मग उद्या काय करणार?"

"नाही जाणार."

"आणि परवा?"

लेकीनं खांदे उडवले आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बाइंडर उठला, खिडकीपाशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. नळ टपकत नव्हता तरी त्यानं तो पिळून बघितला. ही पोर सुट्टीभर उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. मैत्रिणी आल्या तर झोपेचं सोंग घ्यायची. शाळा उघडली की गाडी रुळावर येईल, या एका आशेवर त्यानं दिवस ढकलले होते. उद्या गेली नाही तर परवा जाणार नाही, आणि मग ही घरातच बसेल, हे त्याला अगदी समोर दिसत होतं.

"बस की रे जरा," बहीण म्हणाली. "पायाला भिंगरी लागल्यासारखा काय फिरतोस!"

"बसून कुठे स्कर्ट वाढणारे?"

आणि हे बोलता बोलताच त्याला सुचलं. स्कर्ट वाढवायचाच तर वाढवता येईल. टाक्यांना हात न लावता.

तो तडक छापखान्यात गेला. किल्ली त्याच्याकडेच असायची. उभी हयात त्यानं तिथे पुस्तकं बांधण्यात घालवली होती. फाटलेलं, सुटलेलं, उसवलेलं काहीही समोर आलं की त्याच्या डोक्यात एकच उत्तर यायचं: पट्टी लावा. त्यानं निळ्या बाइंडिंगच्या कापडाचे तुकडे धुंडाळले आणि स्कर्टच्या रंगाला लागेल असा एक निवडला. सरस गरम करून भांड्यात घेतला. घरी येऊन त्यानं लेकीकडून स्कर्ट मागून घेतला, उलटा पसरला, मुडपीच्या खालच्या कडेला आतून सरस फिरवला आणि पट्टी अशी चिकटवली की ती चार बोटं खाली उतरली. घड्या दाबायच्या हाडाच्या पट्टीनं दाबून दाबून सुरकुत्या काढल्या. वर दोन फळ्या आणि घरातली सगळी जाडजूड पुस्तकं ठेवली.

"एक टाका उसवला नाही," तो म्हणाला. आवाजात जरा ऐटच होती.

लेकीनं वाकून पाहिलं. बोट फिरवलं. आईचे टाके होते तिथेच होते.

"बाबा, वर सोनेरी अक्षरात नाव पण छापतोस का?" ती म्हणाली. "म्हणजे हरवला तर परत मिळेल."

आत्या फस्सकन हसली. मग बाइंडर हसला. लेक हसली नाही, पण तिनं पुस्तकांच्या ढिगावर आपल्या हातानं आणखी एक पुस्तक ठेवलं.

सकाळी ती निघाली. सरस वाळून स्कर्टची कड पुठ्ठ्यासारखी झाली होती, चालताना खर्र खर्र वाजत होती. "कडक कॉलर ऐकली होती, कडक स्कर्ट पहिल्यांदाच," ती पुटपुटली. पण चालत राहिली. बाइंडर तिच्या बरोबरीनं चालत होता. त्याला कामावर जायचं होतं, उशीरही झाला होता, पण फाटकाशी पोचल्यावर पाय निघेना. ती आत गेली आणि तो कुंपणाच्या गजांना धरून उभा राहिला.

पटांगणात नुसता कलकलाट होता. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी असतो तसा. बऱ्याच मुलींच्या स्कर्टच्या तळाला एक गडद पट्टा दिसत होता. घरोघरी मुडपी उघडल्या होत्या आणि आतलं न विटलेलं कापड बाहेर आलं होतं. बाइंडरनं ते आजवर कधी पाहिलं नव्हतं. आता जिकडे तिकडे तेच दिसू लागलं.

पहिला दिवस म्हणून व्हरांडा नुकताच धुतला होता. फरशी ओली होती. घंटा झाली, मुली ओळीनं गुडघ्यांवर बसल्या आणि सिस्टर फूटपट्टी घेऊन एका टोकाकडून येऊ लागल्या.

लेक बसली. कड फरशीला लागली आणि 'टक्' असा आवाज झाला.

शेजारची मुलगी खुदकन हसली. मग तिच्या पलीकडची. सिस्टर थांबल्या. वाकून त्यांनी फूटपट्टीचं टोक कडेवर हलकेच मारलं. टक् टक्.

"हे काय आहे?"

"स्कर्ट आहे, सिस्टर."

"स्कर्ट वाजत नाही."

"माझा वाजतो."

ओळीत हशा पिकला. सिस्टरांनी नुसतं पाहिलं आणि तो विझला. "उभी राहा बघू."

आता कोणत्याही बाइंडरला विचारा, तो सांगेल की सरसाचा वैरी एकच, पाणी. रोज सरस कालवणाऱ्या या माणसाला ओल्या फरशीची आठवण राहिली नव्हती. पुस्तकं गुडघे टेकत नाहीत, त्यामुळे तसा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. पट्टीची मधली बाजू भिजून सुटली आणि फरशीला चिकटून बसली. दोन टोकं मात्र स्कर्टला घट्ट होती. लेक झटक्यात उभी राहिली तशी पट्टी ताणली गेली आणि टर्रकन आवाज आला.

तो आवाज बाइंडरनं कुंपणापाशी ऐकला. शिवण उसवल्याचा आवाज त्याला न कळेल तर कोणाला! कोणाला न विचारता तो फाटकातून आत शिरला आणि पटांगण ओलांडून व्हरांड्याकडे धावला.

लेक मान खाली घालून मागे वळून बघत होती. निळी पट्टी शेपटीसारखी लोंबत होती. पट्टीनं एका बाजूची मुडप आपल्याबरोबर ओढली होती आणि तिथले आईचे टाके तुटले होते.

"बाबा, तू काय केलंस?"

बाइंडर ती ओली पट्टी धरायला वाकला.

"तुम्ही इथे कसे?" सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी त्याला ओळखलं. "अहो, तुम्हीच ना आमची प्रार्थनेची पुस्तकं बांधता?"

"हो, सिस्टर."

"आणि आता मुलींनाही बांधायला लागलात?"

"मुडप हिच्या आईनं शिवलेली आहे," तो म्हणाला. "ही उसवू देत नव्हती. मला वाटलं, तिला हात न लावता भागेल." पुढे आणखी काही सांगायचं होतं, पण त्यानं नुसते दोन्ही हात वर केले. बोटांना अजून सरस लागलेला होता.

सिस्टरांना घरची बातमी ठाऊक असावी. त्यांनी फूटपट्टी काखेत धरली, बाकीच्या मुलींना आत जायला सांगितलं आणि शिवणाच्या खोलीचं दार उघडून दिलं. "बसा इथे. घाई नाही." एवढंच बोलून त्या मुलींच्या मागोमाग गेल्या.

खोलीत शिवणाची मशीनं झाकून ठेवली होती. बाइंडर एका बाकाच्या टोकावर बसला, उठला, मशिनांमधून एक फेरी मारून आला. त्याला पोरीकडे बघवत नव्हतं. तिच्यासाठी जे राखायचं होतं, ते त्याच्याच हातानं मोडलं होतं. बहिणीनं निदान कात्रीनं सोडवलं असतं.

"बाबा, फिरू नकोस. इकडे ये."

लेकीनं स्कर्टची फाटलेली बाजू मांडीवर उलटी करून घेतली होती. तुटलेल्या टाक्यांच्या फटीत तिनं बोट घातलं होतं.

"आत बघ."

त्यानं वाकून पाहिलं. मुडपीच्या आत आणखी एक मुडप होती. तिलाही टाके होते, तेच बारीक, थोडे तिरके टाके. फक्त हे पांढऱ्या दोऱ्याचे होते, उसवताना चटकन दिसावेत म्हणून. बायकोनं आधी एकदा मुडपून शिवलं होतं आणि मग ते तसंच पुन्हा मुडपून वरून निळ्या दोऱ्यानं शिवलं होतं. एक मुडप या वर्षी सोडायची, दुसरी पुढच्या वर्षी. मुडप एवढी जाड का, याचं उत्तर हे होतं, आणि बाहेरून ते कोणाला दिसणार नव्हतं.

"ताडमाड होणार म्हणायची," बाइंडर म्हणाला.

लेकीनं बराच वेळ त्या पांढऱ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. चॅपेलमध्ये गाणं सुरू झालं, संपलं. मग ती म्हणाली, "कात्री दे."

बाइंडरनं मशिनावरची कात्री उचलली आणि उसवायला पुढे झाला.

"तू नको. तुझे हात चिकट आहेत. मीच उसवते."

एकेक निळा टाका ती टोकानं उचलायची, कापायची आणि दोरा ओढून काढायची. मध्ये एकदा थांबली. डोळे पुसले, नाक ओढलं, पुन्हा सुरू केलं. दोऱ्याचे तुकडे तिनं बाकावर पडू दिले नाहीत, डाव्या हाताच्या बोटाला गुंडाळत गेली. बाइंडर पट्टीची टोकं सोडवत राहिला. ती काही केल्या सुटत नव्हती. चिकटवताना त्यानं कसर ठेवली नव्हती. शेवटी एकदाची पट्टी त्याच्या हातात आली.

शेवटचा टाका निघाला तशी लेक उभी राहिली. स्कर्ट खाली उतरला. तळाशी गडद पट्टा आला, बाकीच्या मुलींसारखाच, आणि एका बाजूला सरसाचा डाग. पण गुडघे झाकले गेले होते. तिथेच, मशिनांच्या मधल्या मोकळ्या जागेत, ती गुडघ्यांवर बसली. कड जमिनीला लागली. आवाज झाला नाही.

"टेकली?"

"टेकली."

"पुढच्या वर्षी हे पांढरे पण उसवावे लागतील," ती म्हणाली.

"लागतील."

"आणि मग?"

बाइंडरनं हातातल्या पट्टीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"मला टाका घालायला शिकावं लागेल," तीच म्हणाली. "आत्याला विचार, शिवणाचा डबा कोणाला दिलाय. तो परत हवाय. आणि तू यात पडू नकोस. सरस तर अजिबात आणू नकोस."

तिनं दोरा गुंडाळलेलं बोट मुठीत मिटलं, दप्तर खांद्यावर टाकलं आणि चॅपेलकडे गेली. दाराशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांनी तिच्या स्कर्टकडे पाहिलं, डागाकडे पाहिलं आणि दार जरा आणखी उघडलं.

बाइंडर फाटकाबाहेर आला. कामाला उशीर तर केव्हाच झाला होता. तो कोपऱ्यापर्यंत गेला, परत फिरला, गजांतून एकदा आत डोकावला. व्हरांडा रिकामा होता. फरशी एव्हाना वाळली होती. मग तो निघाला. निळी पट्टी त्याच्या बोटांना चिकटली होती. छापखान्यापर्यंत तो ती सोडवतच गेला.