वैभववाडीच्या खेपेत पडलेला पोचा

माझी पाटी काळी व तिच्यावरील अक्षरे पिवळी आहेत, मित्रांनो. ज्यास गरज पडेल त्याने दिवसाचे भाडे भरून मला न्यावे व स्वतःच हाकावे, अशा कामास वाहिलेली मी एक थकलेली पांढरी मोटार आहे. कुडाळ स्थानकाबाहेर परशुराम शेठ यांच्या दुकानापुढे मी उभी असते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या अंगात पाहून भांग पाडता येईल अशी चकाकी होती. शेठांनी मला हार घातला व चाकांखाली लिंबे ठेवली. तेवढेच माझे कौतुक. पुढे गिऱ्हाइके मला वाळूत रुतवीत, ओल्या कपड्यांनी आत बसत व गळक्या पिशव्यांतून कोळंबी नेत. भाड्याची वस्तू कोणाचीच नसते, हे मी सहा वर्षांत शिकले. म्हणून जुलैच्या अखेरीस मालवणचे मच्छीमार लवू काका मला न्यावयास आले, तेव्हा मी कसलीही आशा धरली नव्हती.

काकांची लेक रिया माहेरी बाळंत झाली होती. तिला व तीन महिन्यांच्या नातवास वैभववाडीस सासरी पोचवायचे होते. एस्टीचे धक्के नकोत, असा त्यांच्या पत्नी जानकी काकूंचा आग्रह. काकांच्या होडीचे इंजिन दुरुस्तीला गेले होते. ते सोडवून आणण्यासाठी ठेवलेले पंधरा हजार रुपयेच त्यांनी अनामत म्हणून टेबलावर मांडले. मासेमारीची बंदी उठण्यास आठच दिवस उरले होते. हे पैसे परत हाती आले नाहीत तर होडी किनाऱ्यावरच राहणार होती.

टेबलापाशी बसणारी तन्वी म्हणाली, "काका, आठशे रुपयांचा कव्हर घेवा. मगे गाडयेक काय झाला तरी अनामत कापूची नाय. नायतर नुकसान तुमच्या पैशांतसून जातला."

"वीस वर्षां माशांचो टेम्पो चलवलंय, बाय. एक खरचटो नाय!"

"त्या वासात खरचटो बघूक जवळ येयत कोण?" काकू म्हणाल्या. "घेवा तां कव्हर."

"आठशात व्याह्यांकडे खाज्याचो खाऊ नि काजूगर जातले, समाजलंय?"

तन्वी हसली. "कव्हरासाठी घराकडसून निघूच्या आधी फोन केल्यात तरी चलात."

मित्रांनो, ज्या गोष्टीत मन अडते, ती आमच्या मुलखात ग्रामदेवतेपुढे नेण्याचा प्रघात आहे. गुरव देवाच्या पाषाणास ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालतो, म्हणजे मोठ्याने विनवणी करतो, व सर्वजण वाट पाहतात. उजवीकडील पाकळी आधी गळाली तर होकार, डावीकडील गळाली तर नकार. यास कौल म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला देवळाच्या दारातच उभी केली, त्यामुळे आतले सर्व मला ऐकू येत होते.

"काय इचारू रे, लवू?" वृद्ध गुरवाने विचारले.

काका घुटमळले. कव्हरची गोष्ट त्यांच्या ओठांवर आलेली होती. परंतु देवापुढे आठशे रुपयांचे काय काढावे, असे त्यांस वाटले असावे.

"चेडू नि नातू सुखरूप पोचतले काय, तां इचार."

"आणि गाडयेचा?" काकू कुजबुजल्या.

"गप गो! देवाक ह्यां इचारतत?"

गाऱ्हाणे झाले. "होय महाराजा!" असा आवाज उठला. उजवीकडील पाकळी गळून पडली. काका प्रसन्न मुद्रेने बाहेर आले, माझ्या टपावर थाप मारली व फोन खिशातच ठेवला.

मला त्या दिवशी ज्या मायेने हाकले गेले, त्या मायेने पूर्वी कधीही हाकले गेले नव्हते. काका प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत व मग मला हळूच उतरवीत. बाळ वैभववाडीपर्यंत झोपून होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला व बाळाला पदराखाली घेतले. देवाने आपला शब्द पाळला होता.

परतण्याची वेळ झाली. अंगण अरुंद, भोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण. मला मागे घेऊन वळविण्यास सारे व्याही सरसावले. एकजण डावीकडून "येंव दे, येंव दे!" म्हणे, दुसरा उजवीकडून "स्टेरिंग कापा, कापा!" ओरडे, तर म्हातारे व्याही सर्वांस "गप रवा रे!" म्हणून सर्वांहून मोठ्याने ओरडत होते. काका त्यांच्यापैकी कोणाचेच ऐकत नव्हते. माझ्या आरशात रिया दिसत होती. ओसरीवर उभी राहून ती डोळे पुसत होती. काका आरशाकडेच पाहत राहिले, आणि माझे मागचे दार चिऱ्यांवर जाऊन चेपले.

कुडाळला तन्वी मोबाईलने छायाचित्रे काढीत माझ्याभोवती फिरली व दारापाशी थांबली. शेठांनी हिशेब करून अनामतीतून दोनच हजार परत केले. बोलक्या काकूंनी पदर तोंडाशी धरला.

"काका, फोन केल्यात असतात तर..." तन्वी पुटपुटली.

"देवान फसवल्यान नाय माका," काका म्हणाले. "चेडवाचा इचारलंय, ता पोचला. गाडयेचा इचारूची माका लाज वाटली, बाय."

बंदी उठल्यावर एका पर्यटक कुटुंबास घेऊन मी मालवणच्या किनाऱ्यावर गेले. लवू काकांची होडी माडाच्या झापांखाली झाकलेली होती. ते स्वतः दुसऱ्याच्या होडीवर जाळे ओढण्याच्या रोजावर निघाले होते. मला ओळखून ते जवळ आले. शेठांनी माझा पोचा ठोकून न घेता त्यावर नुसता रंग फासला होता. त्यावर हात फिरवून काका म्हणाले, "पैशे घेतल्यान, नि मेल्यान बरी पण करूक नाय तुका."

"लवू, बेगीन ये रे!" होडीवरून हाक आली. आपल्या होडीवरून अशी हाक ते इतरांस मारीत आले होते. ते मान खाली घालून पाण्यात उतरले.

मित्रांनो, मला न्याल तेव्हा चारही बाजूंनी नीट पाहून न्या, कागद वाचून सही करा. आणि जे विचारण्याची लाज वाटते, तेच आधी विचारा. मी लोखंडाची आहे, माझा पोचा मी वागवीन. परंतु होडी किनाऱ्यावर ठेवून दुसऱ्याच्या होडीत चढणाऱ्या माणसाकडे पुन्हा पाहण्याचे बळ आता माझ्यात उरलेले नाही.