पंढरीची साक्ष

त्रेपन्न साली ठाण्याच्या खाडीवरच्या मिठागरातून मालकाने बारा घरांना हाकललं, तेव्हा भांडायला पुढे झाला पंढरी. खटला मुंबईला कामगार ट्रायब्युनलपुढे गेला. ही माणसं मालकाचे कामगार ठरली तर कामावर परत. स्वतंत्र धंदेवाले ठरली तर बारा चुली विझल्या. डोंबिवलीचे सुधीर देवधर वकील फी न घेता लढत होते. त्यांनी पंढरीला शंभरदा बजावलं होतं, ‘‘मुनीम सांगतो तसं आम्ही करतो, एवढंच बोल.’’

आणि ते खरंच होतं. पाणी कधी घ्यायचं, मीठ कधी ओढायचं, सगळं मुनीम ठरवायचा. एकदा त्याने पंढरीची मिठाची अख्खी रास बायकोदेखत खाडीत लोटायला लावली, आणि या पठ्ठ्याने मुकाट लोटली.

साक्षीच्या दिवशी मागच्या बाकांवर सगळा गाव. मालकाचा वकील पक्का मुरलेला. त्याने आधी पंढरीला खुर्ची मागवली.

‘‘पंढरीशेठ, वडिलांपासून तुम्ही हे काम करता. तुम्हाला मुनीम काय शिकवणार?’’

शेठ! जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. गडी फुगला.

‘‘त्यो मना शिकवल? त्याला खारा पानी नि गोरा पानी कलत नाय! माझे आगरान मी कुनाचा ऐकत नाय!’’

गाव खदखदून हसला. देवधरांनी तेवढा कपाळाला हात लावला.

निकालात ते वाक्य जसंच्या तसं उतरलं. हे लोक कोणाच्या हुकमाखाली नाहीत, सबब कामगार नव्हेत.

मग मालकाने मोठ्या मनाने अकरा घरांना रोजंदारीवर घेतलं. पंढरीचं घर तेवढं वगळलं. पोरं दोन दिवस उपाशी राहिली, तेव्हा त्याची बायको सगुणा मुनिमापुढे जाऊन उभी राहिली. पंढरी तिच्या मागे, बांधाखाली.

‘‘पंढरीच्या घरातल्या कुणालाही काम नाही,’’ मुनीम म्हणाला.

‘‘मी त्याचे घरान नाय. सोरला त्याला.’’

मुनिमाने तिला कामाला लावलं. नवऱ्याला सोडलं म्हणे! काय थाप मारली बयेने! पंढरीला तिचं भारी कौतुक वाटलं. संध्याकाळी तो चूल पेटवून तिची वाट बघत बसला.

सगुणा आली, तिने भांडी गोणत्यात भरली, पोरांना उठवलं आणि भावाच्या घराकडे निघाली.

‘‘अगो, मुनीम गेला घरा,’’ पंढरी हसत म्हणाला. ‘‘आता कुनाला दाखवतेस?’’

ती थांबली नाही. धाकटीने वळून बापाकडे पाहिलं, तेव्हा सगुणाने तिची मान धरून पुढे ढकललं.