निवृत्तीमामांचे बावीस टाके

गुरुवार उजाडला की पंचवटीतल्या त्या पत्र्याच्या मंडपाकडे नुसती रीघ लागायची. साल १९८३. ओझरच्या कारखान्यातले कामगार, कोर्टातले कारकून, द्राक्षबागांचे मालक, एवढंच काय, कॉलेजात शास्त्र शिकवणारे दोन प्राध्यापकसुद्धा चपला हातात घेऊन रांगेत! कारण आत अंतरसाक्षी महाराज बसायचे, आणि महाराजांना म्हणे माणसाच्या कातडीआडचं दिसायचं.

"देह म्हणजे पोथी, बच्चा," महाराज डोळे मिटून म्हणायचे. मांडीवर लाल फडक्यात गुंडाळलेली खरीखुरी पोथीही असायची. "उघडून तर कुणीही वाचील. न उघडता वाचतो तो साधू! चल, तुझं पान वाचतो. उजवी जांघ. अंतर्गळ. अठरा जानेवारीला कापलं. टाके नऊ!"

समोरचा म्हातारा धोतर सावरत आडोशाला जायचा, पुतण्याकडून टाक्यांचे वण मोजून घ्यायचा आणि रडतच बाहेर यायचा. "नऊच हो! मोजून नऊ!" की लोळण पायांवर. मग अंगारा, ताईत, नारळ.

टाके मोजून सांगणं ही महाराजांची खासियत. त्रिकाळ जाणणाऱ्या साधूला तिथी ठाऊक नाही, पक्ष ठाऊक नाही, इंग्रजी तारीख मात्र चोख, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आणि नियम काय, तर पहिल्या गुरुवारी चेल्याकडे नाव, गाव आणि कोणकोणत्या दवाखान्याची पायरी चढलात ते नोंदवायचं. दर्शन पुढच्या गुरुवारी. का? तर दवाखान्याच्या पायरीचा दोष आठ दिवस आधीपासून झाडावा लागतो! अरे, सगळं जाणणाऱ्याला आठवडा कशाला लागतो? पण गर्दीला असले प्रश्न पडत नसतात, म्हणून तर ती गर्दी.

सावित्रीबाई पगारे त्या दिवशी ड्युटी संपवून घरी चालल्या होत्या. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात त्या स्टाफ नर्स. गर्दी बघून कपाळाला आठी घालून पुढे जाणार, तोच मंडपात त्यांना चतुरा दिसली आणि पाय थबकले.

चतुरा त्यांची पेशंट. माहेर वणीचं, सासर मखमलाबादचं. पाच महिन्यांपूर्वी खोकत, अंगाची काडी होऊन आली होती. क्षय निघाला. दीड वर्षाचा कोर्स. "सिस्टर, घरी कळलं तर मला ठेवायची न्हाईत," म्हणून हात जोडले होते तिनं. बहिणीकडे जाते असं सांगून ती सुया घ्यायला यायची. वजन वाढत होतं, गालावर तेज येत होतं. आज सासू कुसाबाईनं तिला इथं आणलं होतं, लेकरू होत नाही म्हणून. लेकरासाठी एकदा दाखवलेल्या याच दवाखान्याचं नाव तिनं मागच्या गुरुवारी नोंदवलं होतं.

"वणीची लेक," महाराजांनी सुरू केलं. "वय एकतीस. बाई, कुशीचं काय विचारतेस? छाती पोखरलीय! क्षय! पाच महिने चोरून सुया टोचून घेतीय तुझी सून!"

आजूबाजूच्या बायका पदर सावरून मागे सरल्या. कुसाबाई दोन पावलं मागे झाली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "गं बया! माझ्या चुलीपुढं बसून क्षय वाढीत व्हतीस व्हय गं?"

चतुरानं मान वर केली. गर्दीच्या कडेला पांढऱ्या साडीतली सिस्टर तिला दिसली. त्या नजरेत राग नव्हता, राग परवडला असता. 'तुम्हीच सांगितलंत,' एवढंच होतं तिच्यात.

रात्रभर सावित्रीबाईंना एक आकडा छळत राहिला. एकतीस. चतुराला वय सांगता येत नव्हतं. "लिवा की तुमीच," म्हणाली होती. खेड्यातली निम्मी माणसं असंच म्हणतात आणि दवाखाना अंदाजानं आकडा टाकतो. आजारानं सुकलेला चेहरा बघून सावित्रीबाईंनी स्वतःच्या हातानं एकतीस लिहिलं होतं. पुढं तिच्या आईनं सांगितलं, बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी पोर अकरा वर्षांची होती. म्हणजे आता तेवीस! कागदावरचं दुरुस्त करायचं राहूनच गेलं होतं.

"असं होय!" सावित्रीबाई अंथरुणात उठून बसल्या. "महाराजांना ब्रह्मांड दिसतं, आणि चूक मात्र माझी दिसते!"

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्या रेकॉर्ड रूममध्ये गेल्या. दवाखान्यात तेवढी एकच खोली गार, म्हणून सगळ्यांचा चहा वर्षानुवर्षं तिथंच व्हायचा. चहाबरोबर तोंडी लावायला केसपेपर. कुणाच्या सुनेचं पोट पाडलं, कुठल्या पुढाऱ्याला कुठला रोग झाला, सगळं बशीत ओतून भुरके मारत वाचायचं. रेकॉर्ड क्लार्क देवराम तर या दरबाराचा राजाच. पैशापेक्षा मानाचा भुकेला माणूस. गेल्या वर्षापासून तो दर गुरुवारी हाफ डे टाकायचा, आणि काल मंडपात पहिल्या खुर्चीवर गंध लावून कोण बसलं होतं, हे सावित्रीबाईंना आत्ता आठवलं. कुंपणच शेत खात होतं!

त्यांना संताप आला, तसंच थोडं मेल्याहून मेल्यासारखंही झालं. दोन वर्षांपूर्वी पुतणीला सांगून आलेल्या मुलाचा केसपेपर त्यांनीही याच खोलीत, याच चहावर उघडून पाहिला होता.

मोठ्या डॉक्टरसाहेबांना सांगितलं तर ते हसले. "सिस्टर, त्यात काय एवढं? या गावात कुणाचं काय लपून राहतं? पुरावा आहे का तुमच्याकडे?"

पुरावा नव्हता. पण बाईंकडे निवृत्तीमामा होते.

त्याचं असं, की शिकाऊ नर्सना कागद कसा लिहायचा, गठ्ठ्यात कसा लावायचा, पुन्हा कसा शोधायचा हे सावित्रीबाईच शिकवत. त्यासाठी त्यांनी एक खोटा पेशंट तयार केला होता आणि त्याला सुचेल ते नाव दिलं होतं, आपल्या सख्ख्या मामांचं. निवृत्ती कोंडाजी अहिरे, राहणार येवला. डावं मूत्रपिंड काढलं, तीन फेब्रुवारी १९७९, टाके बावीस. तो नमुन्याचा कागद गठ्ठ्यात तसाच असायचा. शिकवणीच्या वेळी देवराम बिडी ओढायला जायचा, त्यामुळं त्याला याचा पत्ताच नव्हता.

खरे निवृत्तीमामा येवल्यात पैठणीच्या मागावर बसायचे. साठी उलटली तरी अंगाला सुई लागलेली नाही.

"मी खोटं बोलणार नाही हां, सावित्री," मामांनी बजावलं.

"एक अक्षर खोटं बोलायचं नाही, मामा. नाव तुमचं, गाव तुमचं. दवाखान्याची पायरी चढलात का विचारतील. माझा डबा घेऊन तुम्ही किती वेळा आलात?"

मामा मिशीत हसले. पुढच्याच गुरुवारी जाऊन त्यांनी नाव नोंदवलं.

मधल्या रविवारी सावित्रीबाई एसटीनं वणीला गेल्या. कुसाबाईनं हाकललेली चतुरा माहेरच्या ओसरीत कोपरा धरून बसली होती. ताट वेगळं, तांब्या वेगळा. खोकला परत सुरू झालेला. गोळ्या बंद.

"कशाला आलात?" ती म्हणाली. "सांगून झालं न्हवं? आता काय ऱ्हायलंय?"

"मी नाही सांगितलं, चतुरा. पण तुझा कागद माझ्या भरवशावर तिथं होता आणि तिथं दार सताड उघडं होतं. त्या दारातून एकदा मीही दुसऱ्याच्या घरात डोकावलेय. तेव्हा तू मला शिव्या घाल, माझी ना नाही. फक्त गोळ्यांवर राग काढू नकोस. मध्येच सोडलेला क्षय दुप्पट जोरानं उलटतो, जीव जाईल तुझा."

चतुरानं वेगळा ठेवलेला तांब्या बाजूला सारला. मग म्हणाली, "ज्यानं सांगितलं, त्याला मला बघायचंय."

"गुरुवारी ये."

गुरुवारी मंडप खच्चून भरला. कुसाबाई घराचा दोष उतरवायला नारळ घेऊन पुढंच बसलेली. चतुरा डोक्यावरून पदर ओढून मागं, सावित्रीबाईंच्या शेजारी.

"निवृत्ती कोंडाजी, येवला!" चेल्यानं पुकारा केला. मामा ताठ मानेनं उभे राहिले.

महाराजांनी डोळे मिटले, लाल फडक्यावरून बोटं फिरवली, पापणी जरा किलकिली केली. "अरेरे! बच्चा, अर्धा माणूस आहेस तू! डावं मूत्रपिंड काढून घेतलंय तुझं! तीन फेब्रुवारी, एकोणऐंशी साल. टाके बावीस! खरं की खोटं?"

"महाराज, मी विणकर," मामा म्हणाले. "एक धागा तुटला तरी मला कळतं, मूत्रपिंड गेल्याचं कळलं नसतं का? पण हातच्या काकणाला आरसा कशाला?" आणि त्यांनी सदरा, बंडी दोन्ही गळ्यापर्यंत वर केली, भर मंडपात गोल फिरले. "मोजा, बाबांनो! बावीस राहू द्या, एक दाखवा!"

म्हाताऱ्याची कूस तान्ह्या पोरासारखी गुळगुळीत. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"मूढा!" महाराज गरजले, पण आवाज चिरकला. "हे सूक्ष्म देहाचे टाके आहेत! चर्मचक्षूंना दिसत नसतात!"

"असं?" मामा म्हणाले. "मग त्या अंतर्गळवाल्या आजोबांचे नऊ टाके बरे दिसले पुतण्याला!"

आता मंडपच हसला. सावित्रीबाई पुढं आल्या. पिशवीतून एक कागद काढून त्यांनी वर धरला. मोठ्या बाईंची, म्हणजे मेट्रनची परवानगी घेऊन आणलेला.

"हा दवाखान्याचा कागद. निवृत्ती अहिरे, डावं मूत्रपिंड, तीन फेब्रुवारी, टाके बावीस. हे ऑपरेशन झालंच नाही. शिकाऊ मुलींसाठी माझ्या डोक्यातून मी लिहिलंय. हा कागद कुठल्याच पेशंटचा नाही, म्हणून मी तो बाहेर आणू शकले. महाराजांना तुमचं काळीज दिसत नाही, कागद दिसतो. तुम्ही नाव आणि दवाखाना लिहून देता, आठ दिवसांत तुमचा कागद कुणीतरी उघडतं आणि चिठ्ठी इथं येते. कोण आणतं, ते पहिल्या खुर्चीला विचारा."

पहिली खुर्ची रिकामी होती. देवराम कडेकडेनं सटकत होता, पण नऊ टाक्यांच्या आजोबांनी काठी आडवी घातली. इकडं मामांनी महाराजांच्या मांडीवरची पोथी उचलून लाल फडकं सोडलं. पोथी कसली! चिठ्ठ्यांची थप्पी, दवाखान्याच्या पिवळ्या कागदावर, देवरामच्या वळणदार अक्षरात.

आणि मग जे झालं त्याची कुणालाच शरम वाटली नाही. आत्तापर्यंत हसणारी माणसं चिठ्ठ्यांवर तुटून पडली. "बघू, बघू! कुणाचं काय लिवलंय?"

"खबरदार!" सावित्रीबाई ओरडल्या. थप्पी मामांच्या हातून ओढून त्यांनी सरळ महाराजांच्याच धुनीत टाकली. "वाचणार? मग तुमच्यात आणि ह्या भोंदूत फरक तो काय राहिला? त्याचं निदान पोट तरी भरतं!"

पुढं आलेले हात मागं गेले. आगीत कागद गुंडाळत गेले. एवढ्या वेळात महाराज मागच्या पडद्यातून पसार झाले होते. अंतरसाक्षींना आपलं भविष्य मात्र बरोबर कळलं!

कुसाबाई उठली. हातात नारळ तसाच. "सिस्टर, ह्यो लबाड, कबूल. मग येवढंच सांगा, माझ्या सुनंला क्षय हाय का नाय? त्ये पन लबाडच का?"

एक 'नाही' म्हटलं असतं की चतुराचं घर परत मिळत होतं. सावित्रीबाईंच्या ओठांवर ते आलंही. त्यांनी गिळलं.

"मावशी, मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. तिच्या अंगात काय आहे ते तिचं. सांगायचं असेल तर ती सांगेल."

मागून पदर सरकवून चतुरा पुढं आली. सासूच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिली.

"व्हता, आत्या. अजून हाय. औषध चालू व्हतं, बरी व्हत व्हते. ह्या बाबानं चव्हाट्यावर मांडलं, तुमी हाकललं आन् औषध बंद पडलं. खोकला परत आला. आता सांगा, मला रोगानं मारलं का तुमी?"

कुसाबाईनं नारळाकडं पाहिलं आणि तो खाली ठेवून दिला.

"लोकहो," सावित्रीबाई म्हणाल्या, "क्षय हा शाप नाही, दोष नाही. जंतू आहेत, गोळ्यांनी मरतात. नेमानं औषध घेणाऱ्यापासून होणारी लागण थोड्याच दिवसांत थांबते. जीव जातो तो लपवावं लागतं म्हणून, आणि लपवावं लागतं ते तुम्ही ताटं वेगळी करता म्हणून. कुणी तुमचं गुपित सांगितलं तर पाया पडू नका, विचारा, तुला कुणी सांगितलं? चमत्कार तिथंच संपतो."

देवरामची खुर्ची गेली, रेकॉर्ड रूमला कुलूप लागलं, चहा व्हरांड्यातल्या उन्हात आला. पहिले काही दिवस सगळ्यांनी सावित्रीबाईंच्या नावानं बोटं मोडली. मोडू देत.

पुढच्या सोमवारी चतुरा दवाखान्याच्या खिडकीशी उभी होती. कोर्स पुन्हा पहिल्यापासून, दीड वर्ष. मागं बाकावर कुसाबाई बसलेली, तोंड फुगवलेलंच, पण मांडीवर सुनेचा डबा होता.

"वय?" नव्या कारकुनानं विचारलं आणि दवाखान्याच्या जुन्या सवयीनं तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजानं लेखणी टेकवली.

"थांबा," चतुरा म्हणाली. "तेवीस लिवा. आन् लिवून झालं की कागद पालथा ठेवा."