कागदावर मोडलेली पहार

मी पहार बोलतेय. सरकारी दप्तरात मी मोडले आहे, पण तुम्ही हळहळू नका. मी धडधाकट आहे आणि भलतीच खुशीत आहे.

धारवाडच्या लोहाराने मला घडवलं, चांगली अडीच हात. लगेच प्रतबंदीच्या, म्हणजे जमिनीची प्रत ठरवायच्या नोकरीला लागले. प्रत्येक रानात माती किती खोल आहे ते इंग्रज सरकारला हवं होतं. जितकी खोल, तितका शेतसारा जास्त. मग काय, दिवसातून पन्नास वेळा माझं डोकं खाली. माझी ही गरगर तेव्हापासूनची.

कारकून वेंकोबराव छत्री धरून जागा दाखवायचे, गावचा शिपाई दुर्गप्पा वालीकार मला हाणायचा. खण्ण वाजलं की रानाचा धनी खूश. मी गपकन आत गेले की त्याचं तोंड उतरायचं. मला सगळीकडे खण्ण वाजावंसं वाटे, पण ते काय माझ्या हातात?

मग गौरव्वाचं रान आलं. नवरा गेलेला, पदरी दोन मुली आणि एवढंच काळंभोर रान. सारा चढला तर राजीनामा लिहून रान सरकारला परत द्यावं लागणार होतं. वेंकोबराव बांधापासून मोजून चाळीस पावलं चालतात, हे तिला ठाऊक होतं. तिने चाळीस पावलं मोजली आणि तिथे फरशी पुरली.

आता वेंकोबराव ताडमाड, ती त्यांच्या खांद्यालाही न लागणारी. तिची फरशी राहिली मागेच. दुर्गप्पाने मला हाणलं ते उन्हाने फाटलेल्या मातीच्या भेगेत. त्याच्या घामेजल्या हातातून मी जी निसटले, ती गुदगुल्या होत थेट तळाशी.

“पहार कुठाय?”

“गेली, रावसाहेब.”

“गेली म्हणजे? हात घाल आणि काढ.”

गौरव्वा इतका वेळ पदर चावत उभी होती. ती म्हणाली, “घाल बाबा. काल याच भेगेत नाग शिरलाय. निघालेला काही मी पाहिला नाही.”

दुर्गप्पाने हात पाठीमागे नेले. “तुम्हीच घाला, रावसाहेब. सरकारी पहार, सरकारी हात.”

वेंकोबराव मटकन बांधावर बसले. पहार हरवली म्हणावं तर साहेब जाब विचारणार. गौरव्वाने त्यांना ताक दिलं. दुसऱ्या लोट्याला त्यांना सुचलं आणि त्यांनी लिहिलं: माती वीतभर. खाली कातळ. पहार मोडली.

“कातळ तरी कसला,” दुर्गप्पा म्हणाला, “लोखंड मोडणारा.”

“तू गप्प बस.”

गौरव्वा पाठमोरी झाली, पण तिचे खांदे गदगदत होते.

तीस वर्षांसाठी रानाला कातळाचा सारा लागला. त्यातली एकोणीस सरली. माझ्या डोक्यावर कापूस मातलाय. नाग कसला, इथे मी आणि एक बेडूक. दर पेरणीला गौरव्वा इथे रोट्टीचा तुकडा ठेवते. नागोबाचा नैवेद्य, असं ती लोकांना सांगते. कोणी नसलं की वाकून म्हणते, “पडून राहा गं बाई.”

तुम्ही या बाजूला आलात तर एवढंच करा, अजून अकरा वर्षं इथे खणू नका.