डोरिसकाकूंची नापसंती

एड्रियनच्या बँडचा नियम एकच: जे गाणं आईला आवडेल, ते केरात.

आई म्हणजे डोरिस पिकर्सगिल. इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावी तिच्या घरी, पुढच्या खोलीत 'द फोल्डिंग चेअर्स'ची तालीम चाले आणि भिंतीपलीकडे ती इस्त्री करत असे. तिने सूर धरला की एड्रियन गाण्याचा कागद टराटरा फाडायचा. आईला आवडलेलं गाणं उद्या साबणाच्या जाहिरातीत वाजणार, असं त्याचं म्हणणं. वाचनालयात शिक्के मारणाऱ्या या पोराला आपण विकले जाऊ याची भारी धास्ती होती. विकत घ्यायला अजून कुणी आलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

ग्लेंडा दिवसा बेकरीत राबायची आणि संध्याकाळी बास गिटार वाजवायची. तिने आयुष्यात एकच गाणं लिहिलं होतं. वडील गेल्यावर त्यांची टोपी खुंटीवरून काढायला घरात कुणाचा हात धजेना, त्याबद्दलचं. एड्रियनची पहिली दोन गाणी केरात गेलेली तिने पाहिली होती. टोपीचं गाणं तिथे जाऊ द्यायचं नाही, असा तिने चंग बांधला आणि तालमीच्या आदल्या दिवशी थेट स्वयंपाकघर गाठलं.

"काकू, उद्या माझं गाणं आहे. आवडलं तरी नाक मुरडाल?"

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. "पोरी, सासूच्या रश्शाला मी वीस वर्षं छान म्हणत आले. खोटं बोलायला मला शिकवू नकोस."

दुसऱ्या दिवशी गाणं निम्म्यावर आलं तोच दार उघडलं. "किती हा गोंगाट. बंद करा ते. शेजारच्यांचं कुत्रंसुद्धा रडायला लागलंय."

एड्रियनचा चेहरा उजळला. "रेकॉर्ड काढायची तर ह्याच गाण्याची."

आणि निघाली. शेफील्डच्या एका मुलाने आपल्या झोपायच्या खोलीतून ती विकली. रेडिओवरच्या एका निवेदकाने ती लागोपाठ दोनदा लावली. लंडनच्या साप्ताहिकाने 'थोर उदासी' असा शेरा मारला आणि लांब कोट घातलेले विद्यार्थी कार्यक्रमांना गर्दी करू लागले. एड्रियन प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवायचा, म्हणून त्याच्या पाठीचंही कौतुक छापून आलं. ड्रम वाजवणारा कॉलिन तेवढा जमिनीवर राहिला, कारण त्याला चिप्स सोडून कशाचीच हाव नव्हती.

वसंतात गावच्या कामगार क्लबाने बोलावलं. पोलादाच्या कारखान्यातली म्हातारी मंडळी बियर घेऊन बसलेली. पुढच्याच टेबलाशी डोरिसकाकू, केस सेट करून आलेल्या. ग्लेंडाने टोपीचं गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या कडव्याला काकूंचं भान सुटलं. डोळे मिटून, शब्दन् शब्द पाठ, खड्या आवाजात त्या गाऊ लागल्या. नेमका तेव्हाच गिटारची तार जुळवायला एड्रियन वळला.

आईला गाताना पाहून त्याने गिटार तिथेच खाली ठेवली. क्लबचे सेक्रेटरी हेपवर्थ अशा संधीची वाटच पाहत होते. लग्न असो की मयत, या क्लबात बिंगोचा खेळ चुकत नाही. त्यांनी माईक काढून घेतला आणि आकडे पुकारायला सुरुवात केली.

एड्रियन आईच्या टेबलाशी जाऊन उभा राहिला. "कधीपासून आवडतं तुला हे?"

"पहिल्या दिवसापासून." काकूंची नजर बिंगोच्या कार्डावरच.

"मीच सांगितलं होतं त्यांना," ग्लेंडा म्हणाली. "नाक मुरडा म्हणून."

"हिच्या एका गाण्याचं काय घेऊन बसलास," काकू म्हणाल्या. "मला सगळीच आवडतात."

"सगळी?"

"पहिली दोन आवडली म्हणून गुणगुणले, तर तू ती फाडलीस. मला इतकं वाईट वाटलं बाळा. मग शहाणी झाले. त्यानंतर तुझ्या एकाही गाण्याला मी बरं म्हटलेलं नाही. बाजूला हो, बावीस आलं."

कॉलिनने डोकं खाजवलं. "म्हणजे नियमाप्रमाणे आपल्याकडे एकही गाणं उरलं नाही. मी चिप्स आणू?"

"बँड संपला," एड्रियन म्हणाला आणि मागच्या दाराने निघून गेला.

बिंगो आटोपला. हेपवर्थ ग्लेंडाला म्हणाले, "बाई, दुसरा भाग आहे की नाही? नाहीतर पुन्हा बिंगो घेतो."

ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण बिंगोपुढे टोपी हरलेली तिला चालणार नव्हती. ती एकटीच स्टेजवर चढली. नुसत्या बासवर तिने पहिलं कडवं म्हटलं. दुसऱ्या कडव्याआधी गिटारचा तुकडा यायचा, तिथे रिकामी जागा आली. काकूंनी तो तुकडा तोंडाने धरला, एकही सूर न चुकता, आणि क्लबातली म्हातारी माणसं टेबलावर ठेका देऊ लागली. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरी एखादी टोपी खुंटीवरच होती.

तेवढ्यात गिटार ऐकू आली. एड्रियन स्टेजच्या कडेला उभा होता, नेहमीसारखी पाठ करून.

"मी फक्त गिटार न्यायला आलो होतो," तो पुटपुटला. "बँड संपलेलाच आहे."

"संपलेलाच," ग्लेंडा म्हणाली आणि पुढचं कडवं उचललं.

डोरिसकाकूंनी डोळे पुसले, तोंडाशी हात नेला आणि जुन्या आवाजात ओरडल्या, "किती हा गोंगाट. बंद करा ते."

एड्रियन वळला. गिटार वाजवताना त्याचा चेहरा लोकांना पहिल्यांदाच दिसला. त्याने आईकडे पाहिलं आणि आवाज वाढवला.