यादीतला चौदा नंबर

शाळेच्या ऑफिसात सगळे तिला कॉम्प्युटरबाई म्हणत. अकरा वर्षांत तिच्या हातून एकही दाखला चुकला नव्हता, आणि मनातल्या मनात तिला त्याचा तोराही होता.

त्या सकाळी पहिलीतल्या एका मुलीची आई तिच्यासमोर येऊन बसली. मुलीला रोज घ्यायला येणारे आजोबा महिन्यापूर्वी गेले होते.

"बाबांना यादीतून काढाल का?" ती म्हणाली. "तीन वाजता 'शाळा सुटली' हा मेसेज अजून त्यांच्या फोनवर येतो. फोन वाजला की माझी आई त्यांच्या चपला दाराशी काढून ठेवते. रोज."

"फोनच बंद ठेवला तर?"

"त्यात त्यांचा आवाज आहे. ती तो उशाशी घेऊन झोपते."

"आजच्या आज करते," कॉम्प्युटरबाई म्हणाली.

मुलांना न्यायला येणाऱ्या प्रत्येकाला शाळेने नंबर दिला होता. मुलाच्या नावापुढे एकाच रकान्यात ते नंबर स्वल्पविराम देऊन लिहिलेले असत. या मुलीपुढे होतं 14,114,203. म्हणजे आजोबा, आई, मामा. आजोबा शेजारच्या दोन पोरांनाही न्यायचे. मग एकदाच काय ते उरकावं म्हणून तिने कॉम्प्युटरला सांगितलं, सगळ्या यादीत जिथे '14,' दिसेल तिथे ते पुसून टाक. क्षणात काम फत्ते झालं.

तीन वाजता फाटकावरून दरवानकाकांचा फोन आला. "बाई, जरा खाली या. सकाळी आलेल्या या ताईंचा नंबर यादीत दिसत नाही. मी मुलीला सोडू कसा?"

तिने त्या मुलीचा रकाना उघडला. तिथे एकच नंबर होता, 1203. कॉम्प्युटरने आजोबांचे चौदा पुसले होते आणि आईच्या एकशे चौदातलेही. उरलेला एक मामाच्या दोनशे तीनला जाऊन चिकटला होता.

ती धावतच खाली गेली. मुलगी फाटकाच्या आत, आई बाहेर.

"बाबांना काढा म्हटलं होतं," आई हळूच म्हणाली, "मलाही काढलंत?"

"चूक माझी आहे हो, सर्वस्वी माझी. काका, सोडा तिला, मी सही करते."

दोघींना ती वर घेऊन आली. आणखी सात मुलांच्या नंबरांची अशीच वाट लागली होती. नशीब, ती मोठ्या वर्गातली, चारला सुटणारी. तिने सकाळची प्रत काढून सगळं पूर्ववत केलं. मग प्रत्येक ओळीच्या आधी आणि शेवटी एकेक स्वल्पविराम लावला, फक्त ',14,' शोधलं, त्या जागी एकच स्वल्पविराम ठेवला आणि टोकांचे जादा काढून टाकले. यावेळी पडद्यावर बोट ठेवून तिने ओळ न् ओळ वाचली. 114,203. जिवात जीव आला.

"आता ते कुठेच नाहीत का?" आईने विचारलं.

"आहेत ना. त्यांचं कार्ड आहे, फोटोसकट. फक्त न्यायला येणाऱ्यांत नाहीत."

तिने कार्ड उघडून दाखवलं. मुलगी टाचा उंचावून बघत म्हणाली, "आजोबांनी केस विंचरलेच नाहीत!" आईला हसू फुटलं, आणि हसता हसता ती डोळे पुसू लागली.

आठवड्याने ती पुन्हा आली, या खेपेला स्वतःच्या आईला घेऊन. मेसेज थांबल्यावर दोन दिवस तीन वाजता आजी नुसतीच बसून राहिली होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, पोरीला मीच आणते.

कॉम्प्युटरबाईने आजीचा फोटो काढला, नवा नंबर दिला आणि तो ओळीच्या शेवटी जोडला. मग ती ओळ तिने दोनदा वाचली.