नसलेल्या ओढ्याला वळसा

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी चिंचाळवाडीचा ओढा वळला. बातमी खरी आहे, पण तिच्यावर अजून कुणाची सही झालेली नाही. तेव्हा कार्यालयीन रिवाजाप्रमाणे ती घडलेलीच नाही असं धरून पुढं जाऊ.

तर ओढा सरळ होता. ओतूरहून मढकडं जाताना डाव्या हाताला, पट्टी लावून आखल्यासारखा. एकवीस वर्षांपूर्वी गावानं ठराव करून त्याला सरळ केलं होतं. जेसीबीवर होते गेणभाऊ, आणि काम तीन दिवसांत उरकल्याबद्दल त्यांना शाल-श्रीफळ मिळालं होतं. नारळ त्याच दिवशी फोडला. शाल अजून जेसीबीच्या सीटवर अंथरलेली असायची. सरळ झालेल्या ओढ्याला मात्र कुठं थांबायला कारणच उरलं नाही. पाणी यायचं आणि एसटी चुकेल अशा घाईनं निघून जायचं. दिवाळी उलटली की विहिरींत बादली नुसती आपटायची.

आता नवी योजना आली होती. ओढा पुन्हा वाकडा करायचा, गायरानात पूर्वी होतं तसं पाणथळ तयार करायचं आणि भोवती सगळ्यांसाठी उद्यान. जेसीबीवर पुन्हा गेणभाऊच.

"मॅडम, तवा सरळ करायला तीन दिस लागलं. वाकडं करायला किती धरू?"

मॅडम म्हणजे प्रतीक्षा. वय चोवीस, लेण्याद्रीच्या पायथ्याच्या गोळेगावची, सिव्हिलचा डिप्लोमा, आणि स्वतःच्या जबाबदारीवरचं हे पहिलंच काम.

"आधी तो वळत कुठून होता ते सांगा, गेणभाऊ. तुम्हीच बुजवलात ना?"

"म्याच बुजवला. पर मागं बघून न्हाई बुजवला."

पुण्याहून ड्रॉइंग आलं होतं. निळ्या रंगात तीन वळणं, फ्रेम करून लावावीत इतकी देखणी. पहिलं वळण स्मशानाच्या शेडमधून जात होतं, दुसरं पाण्याच्या टाकीखालून आणि तिसरं शाळेच्या स्वयंपाकघरातून. प्रतीक्षानं तसं कळवल्यावर उत्तर आलं, की वळणाचं सौंदर्य लक्षात घेता स्वयंपाकघर हलवता येईल का ते पाहावं.

ग्रामसभेत विचारलं, तर जुना ओढा प्रत्येकाला लख्ख आठवत होता आणि प्रत्येकाच्या आठवणीत तो भावकीच्या रानातून जात होता. प्रतीक्षानं अंदाजानं चार खड्डे घेऊन पाहिले. चारही ठिकाणी नुसती काळी माती, ओढ्याचे गोटे कुठंच नाहीत. लेणी खोदणाऱ्यांना आधी ड्रॉइंग पास करून आणावं लागलं असतं तर डोंगर अजून सबंध असता, असं तिच्या मनात आलं. उद्यानाची बारा बाकं तेवढी वेळेआधी पोचली होती आणि ठेकेदाराच्या माणसांनी ती ड्रॉइंगप्रमाणे बसवूनही टाकली होती. सगळी स्मशानाकडं तोंड करून.

सोमवारी उपअभियंता साहेब येऊन गेले.

"शुक्रवारी कालव्याचं आवर्तन सुटतंय. थोडं पाणी ओढ्यात सोडून बघू. वळून गायरानात थांबलं तर उत्तम. नाही तर दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत आणि खाली काँक्रीटचा तळ. दुसरं एस्टिमेट तयार आहे."

"म्हणजे गटार, सर."

"सुशोभित गटार. बाकं आहेतच."

प्रतीक्षाला त्या रात्री जेवण गेलं नाही. ओढा बुजवला तर उकरता तरी येतो. काँक्रीट एकदा पडलं की ते काढायची योजना तिच्या हयातीत निघणार नव्हती.

मंगळवारी सकाळी ती गायरानात डोक्याला हात लावून बसली होती. बारा बाकांपैकी एकावर, स्मशानाकडं बघत. मोकळं, सपाट, कोरडं गायरान. पलीकडून ठकूबाई येत होती. सत्तरी ओलांडलेली, डेअरीला दूध घालून परतताना हातात रिकामी किटली. सरळ आली असती तर दोन मिनिटांत पोचली असती. पण ती मध्येच उजवीकडं वळली, कशाला तरी लांबून वळसा घातला, तशीच डावीकडं गेली. मग एका ठिकाणी लुगडं वीतभर वर धरून वाळक्या गवतातून चार पावलं जपून टाकली आणि लुगडं खाली सोडलं. मागून तिच्या दोन शेळ्या आल्या. त्यांनीही वळसा घातला. शेळ्यांमागून दुधाच्या कॅनची मोटरसायकल आली. तिनंही.

प्रतीक्षा उठून उभी राहिली.

"आजी, मधे काय आहे?"

"कुठं काय? काय न्हाई."

"मग सरळ का नाही आलात?"

"वढ्यातनं येऊ व्हय?"

"ओढा कुठंय इथं?"

"आत्ता न्हाई, गेलाया. पर त्याची जागा हाय का न्हाई? उद्या आला आन आपुन त्याच्या जागंत हुबं, तर कसं दिसंल ते?"

"एकवीस वर्षं झाली, आजी."

"माझा थोरला मुंबैला जाऊन तीस झाली. म्हून काय त्याची खोली शेळ्यांला दिली का मी?"

शेळ्यांनी एकदम वर पाहिलं. त्यांना ही शक्यता आजच कळत होती.

दुसऱ्या दिवशी ठकूबाईच्या मागं प्रतीक्षा फक्कीची बादली घेऊन चालली. पांढरी रेघ वळणं घेत निघाली.

"ए बाय, रांगोळी कसली घालतीस? माझं लगीन काढलं का काय?"

"तुम्ही नेहमीसारखं चाला, आजी."

"नेहमी काय मागं वरात आसती व्हय?"

लुगडं उचललं तिथं प्रतीक्षानं टेप लावला आणि वहीत लिहिलं: खोली, पोटरीभर. पुढच्या वळणावर ठकूबाई सवयीनं थांबली, किटली खाली ठेवली, कंबर सरळ केली. "हितं धुण्याचा दगुड व्हता. लई गार जागा."

गेणभाऊंनी तिथं बकेट घातलं. दोन हात खाली गोल गोटे लागले, मग शिंपले, मग एक सपाट काळा दगड, मधोमध झिजलेला. गेणभाऊंनी इंजिन बंद केलं आणि टोपी काढली.

"ह्योच. ह्याच्यावं माझी आई धुणं धुवायची. आन म्या बघितलं बी न्हाई, राव."

बुधवार, गुरुवार फक्कीवरून खोदाई चालली, काठाला तारेच्या जाळीत दगड भरले गेले आणि सरळ चराच्या तोंडाशी मातीचा भराव पडला.

शुक्रवारी उन्हाच्या आत उरकावं म्हणून साहेब साडेसातलाच आले. पाणी आलं ते सवयीनं सरळ, घाईत, आणि भरावापाशी येऊन थबकलं. चढू लागलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात भरावाच्या बुडातून करंगळीएवढी धार सुटली, मग मनगटाएवढी.

"गेलं," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात काँक्रीट ऐकू आलं.

"गेणभाऊ, माती!" प्रतीक्षा ओरडली.

"माती आणंस्तवर भराव जाईल," म्हणत गेणभाऊंनी सीटवरची शाल ओढली, पाण्यात उडी टाकली आणि ओढा सरळ केल्याबद्दल मिळालेला तो सत्कार भोकात कोंबून वर पाय रोवून उभे राहिले.

धार थांबली. पाणी आणखी चढलं, घुटमळलं, आणि आठ वाजून दहा मिनिटांनी उजवीकडं वळलं. मघाशी न घडलेली बातमी ती हीच. धुण्याच्या दगडावरून गेलं, डावीकडं वळलं, गायरानात पसरलं आणि थांबलं.

ठकूबाई तेव्हा डेअरीहून परतत होती. लुगडं उचलायच्या जागी ती आणि पाणी एकदमच पोचली. तिनं पाण्याकडं पाहिलं.

"लई उशीर केलास," ती म्हणाली, आणि लुगडं वीतभर वर धरून पलीकडं गेली. शेळ्या अलीकडंच उभ्या राहिल्या. ओढ्यात खरंच पाणी असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी दुसरं एस्टिमेट मागं घेतो म्हणून सांगितलं. गेणभाऊ ओल्या कपड्यांनीच बाकं फिरवायला निघाले.

"पण फायलीला आधार लागेल," साहेब म्हणाले. "आखणी कशावरून केली?"

"ठकूबाईंच्या चालण्यावरून."

"तसा रकाना नाही. त्यांचा एक अर्ज घ्या. अर्ज असला की फायलीत काहीही बसतं."

मग पाण्याकडं तोंड केलेल्या पहिल्या बाकावर बसून ठकूबाईनं सांगितलं आणि प्रतीक्षानं कार्यालयीन भाषेत लिहून घेतलं:

"विषय: पावले परत मिळणेबाबत. महोदय, मी खाली अंगठा करणार ठकूबाई, रा. चिंचाळवाडी, ता. जुन्नर, अर्ज करते की, सदर ओढा गैरहजर असताना एकवीस वर्षे दररोज दोन वेळा वळसा घालून मी त्याची जागा राखली आहे. आता ओढा स्वतः हजर झाला असल्याने मला सदर कामातून मोकळे करण्यात यावे. तसेच त्याच्या गैरहजेरीत माझी जी जादा पावले पडली, ती सर्व, त्या वेळच्या गुडघ्यांसह, सुस्थितीत परत मिळावीत, ही नम्र विनंती."